पाटणच्या शिळेवरील बाजार : एका स्थलदर्शनाच्या निमित्ताने

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळा डोंगराच्या कुशीत पाटणे हे स्थळ आहे. लोक त्यास पाटणादेवी या नावाने ओळखतात. पिंप्राळ्यासारख्या, आता जळगाव शहरात मिसळून गेलेल्या गावातून पहाटेच्या गाडीने निघावे, पाचोऱ्यावरून चाळीसगाव गाठावे, तेथून मोटारीने डोंगरापर्यंत जावे आणि रात्री घरी परतावे, असा एका दिवसाचा हा प्रवास आहे. पाहावयाच्या गोष्टींचा क्रमही बहुतेक ठरून गेलेला असतो. देवीचे दर्शन, महादेवाचे जुने देऊळ, धवलतीर्थाचा धबधबा, मग पायांत बळ असेल तर शृंगारचावडी, सीतेची न्हाणी, नागार्जुनाची कोठी आणि वरच्या अंगास पितळखोऱ्याची लेणी. असा दिवस घालवून परतणारा विद्यार्थी सामान्यतः दोन समजुती घेऊन येतो. हे अरण्य अनादि आहे, ही पहिली. आणि हे स्थळ भास्कराचार्यांचे आहे, ही दुसरी. यांपैकी पहिली समजूत टिकण्यासारखी नाही. दुसरी खरी असली तरी अर्धीच खरी आहे, आणि तिचा उरलेला अर्धा भाग ज्या ओळींत आहे त्या ओळी पाहुण्यांच्या सहसा वाचनात येत नाहीत. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या ओळींविषयी आहे.

अरण्य व जुन्या वास्तू एकाच दिवसात पाहण्याची पद्धत केवळ आपल्याकडचीच नव्हे. कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स या बेटावर जाणाऱ्या प्रवाशासही असेच दर्शन घडविले जाते. सकाळी डोंगरावरचे वर्षारण्य दाखवितात आणि दुपारी विंगफील्डसारख्या जुन्या ऊसमळ्याचे अवशेष दाखवितात, म्हणजे चरकाची जागा, पाण्याचा पाट, धुराडे व दारूची भट्टी. तेथेही अरण्य आणि मळा या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून दाखविल्या जातात. परंतु त्या बेटावरील साखरधंदा २००५ साली बंद पडला आणि सोडलेल्या ऊसशेतांवर झाडी चढू लागली, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे तेथील हिरवळीचा काही भाग इतिहासाने घडविलेला आहे असे दिसते. त्या मळ्यांवर राबलेल्या माणसांची नावे वास्तूंवर नाहीत. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ साली संपुष्टात येण्यापूर्वी सरकारने ज्या नोंदवह्या ठेवविल्या, त्यांत ती शोधावी लागतात. पाटणचे भाग्य असे की येथे धन्याची स्तुती आणि बाजाराचा हिशेब एकाच शिळेवर कोरलेले आहेत.

प्रथम नावाचा विचार करू. ‘पाटण’ हा शब्द संस्कृत ‘पट्टन’ यापासून आला असून त्याचा अर्थ मोठी पेठ, व्यापाराचे नगर असा आहे. गुजराथेतील पाटण, सातारा जिल्ह्यातील पाटण, गोदाकाठचे पैठण (हे ‘प्रतिष्ठान’पासून आलेले, म्हणजे ध्वनीने जवळचे पण कुळाने वेगळे) अशी नावे वाचकांस परिचित आहेत. ज्या ठिकाणी कधी पेठ नव्हती अशा दरीस कोणी पाटण म्हणणार नाही. पिंपळाशी नाते सांगणारे पिंप्राळा, पिंपरी, पिंपळगाव असे ग्रामनाम झाडावरून पडते. पाटण हे नाव माणसांच्या गर्दीवरून पडलेले आहे. १८८० साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या खानदेश गॅझेटियराने मात्र पाटण्याची नोंद उजाड व ओसाड पडलेले गाव म्हणून केली आहे. या दोन टोकांमध्ये काय घडले असावे हा खरा प्रश्न आहे.

महादेवाच्या देवळातील लेख शके १०७५ चा, म्हणजे इ. स. ११५३ चा आहे. येथे निकुंभ वंशाचे मांडलिक राज्य करीत होते. इंद्रराजाने या महेश्वराच्या देवळास आरंभ केला. त्याच्या मृत्यूनंतर पुत्र गोवन हा अल्पवयी असल्यामुळे राणी श्रीदेवी कारभार पाहत होती, आणि तिच्या काळी ते पुरे झाले. येणारा प्रत्येक मार्गदर्शक या देवळास ‘हेमाडपंती’ म्हणतो. यादवांचा मंत्री हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या जन्मापूर्वीच हे देऊळ उभे होते. ‘हेमाडपंती’ हा शब्द आता बांधणीच्या एका रीतीचा वाचक झाला आहे एवढेच म्हणावे, आणि एका विधवा राणीने पुरे करविलेल्या देवळास तिचे नाव सांगून विद्यार्थ्यांसमोर ठेवावे, हे अधिक न्याय्य होईल.

दुसरा लेख भवानीच्या देवळात सापडलेला. त्याचा शोध डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लावला व १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातील आपल्या निबंधात त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे किलहॉर्न यांनी एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात त्याचे सविस्तर संपादन केले. लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. त्यात प्रथम यादवांचे व निकुंभांचे वर्णन येते, आणि नंतर एका विद्वत्कुळाची वंशावळ येते. त्रिविक्रमापासून निघालेली ही परंपरा भोजराजाकडून ‘विद्यापति’ ही पदवी मिळविणारा भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर अशी उतरत ज्योतिषी भास्कराचार्यांपर्यंत येते. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास राजा जैत्रपालाने याच नगरातून नेऊन आपल्या पदरच्या पंडितांत अग्रस्थान दिले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’चे व त्या कुळातील इतर ग्रंथांचे अध्यापन अखंड चालावे म्हणून पाटणास मठ स्थापिला. निकुंभ सोइदेवाने त्यास दान दिले, आणि तो निवर्तल्यावर त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव याने त्यात भर घातली. दानाचा काळ शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण असा दिला आहे. किलहॉर्न यांनी ती तारीख ९ ऑगस्ट १२०७ अशी बसविली.

येथवरचा भाग सर्वांस ठाऊक असतो. गणिताचे इतिहासकार तो वारंवार सांगतात, आणि ते योग्यच आहे. भास्कराचार्यांची वंशावळ इतक्या सविस्तर रीतीने दुसऱ्या कोणत्याही शिळेवर आलेली नाही. याच कुळातील अनंतदेवाचा शके ११४४ चा लेख चाळीसगाव तालुक्यातच गिरणाकाठी बहाळ येथे आहे, म्हणजे या खोऱ्याशी त्या घराण्याचा संबंध दीर्घकाळ होता. परंतु संस्कृत श्लोक संपल्यावर शिळेचा शेवट होत नाही. शेवटच्या ओळी मराठीत आहेत, आणि त्या विषयाने व स्वराने अगदी निराळ्या आहेत. श्लोक ज्यांनी रचले त्यांस कीर्ती हवी होती. या ओळी ज्यांनी लिहविल्या त्यांस वसुली हवी होती. वसुलीची भाषा लोकांस समजलीच पाहिजे, म्हणून ती मराठी झाली.

या ओळींतील शब्द एकेक घेऊन पाहण्यासारखे आहेत. ‘केणें’ म्हणजे विक्रीस येणारा माल. हाच शब्द पुढे ज्ञानेश्वरीत आढळतो. पाटणात जो माल विक्रीस निघेल त्यावर ‘राउळा’स, म्हणजे राजास, जे उत्पन्न मिळत होते ते मठास दिले, असा पहिला आशय आहे. उत्पन्नास ‘आउं’ व मठास ‘मढ’ असे शब्द आहेत. दुसरी बाब ब्राह्मणांची. त्यांच्या व्यवहारावरील जे देणे होते ते ब्राह्मणांनीच मठास दिले. तिसरी बाब माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ग्राहकाकडून प्रत्येक दामामागे एक ‘विसोवा’, म्हणजे विसावा भाग घ्यावयाचा, आणि हा ‘नगरें दीन्हला’ असे म्हटले आहे. दाता राजा नव्हे, नगर. ‘नगर’ हा शब्द येथे घरांच्या समूहासाठी आलेला नाही. निर्णय करू शकणारी, स्वतःवर पट्टी बसवू शकणारी व्यापारी मंडळींची संस्था असा त्याचा अर्थ आहे. तृतीया विभक्तीतील एका शब्दाने एक संस्था आपल्यापुढे उभी राहते. संस्कृत श्लोकांवरून मठाचा दाता निकुंभ राजा आहे असे वाटते. मराठी ओळी वाचल्यावर दाते किमान तीन दिसतात, आणि त्यांतील एक पेठ स्वतः आहे.

देणे कोणाकडून घ्यावयाचे याविषयीही ओळी काटेकोर आहेत. ‘ग्राहकापासी’ हा शब्द पुनःपुन्हा येतो. पट्टीचा भार विकणाऱ्यावर न घालता घेणाऱ्यावर घातलेला आहे, आणि ती विकणाऱ्यांच्या मंडळाने घातलेली आहे. नगराच्या औदार्याचे मोल कोणी दिले हे यावरून उघड होते. उदार दात्यांच्या इतिहासात हा प्रकार नवा नाही.

पुढे ग्राहकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या घ्याव्यात असे आहे. मग तेलाचे घाणे येतात. पहिल्या घाण्याच्या वेळी तेलाची एक लोटी मठास द्यावी. जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे एकेक पळी तेल द्यावे. सुपारी या डोंगराळ कोरड्या मुलखात पिकत नाही. ती घाट उतरून किंवा चढून आली असली पाहिजे, म्हणजे ही पेठ दूरच्या मालाची होती. तेल मात्र येथले. भुईमूग तेव्हा भारतात नव्हता, तो अमेरिका खंडातून पुष्कळ शतकांनी आला. तेव्हा पाटणच्या घाण्यांत तीळ, करडई, जवस यांसारखी बियाणी पडत असावीत. ‘जेवढे घाणे तेवढ्या पळ्या’ ही वाक्यरचनाच सांगते की घाणे एकदोन नव्हते. मठातील दिव्याखाली रात्री जो विद्यार्थी ग्रहगणित शिकत असेल, त्याच्या दिव्यातले तेल तेल्यांच्या पळीने मोजून आलेले होते. याहून नेमका पुरावा विद्येच्या इतिहासास क्वचितच मिळतो.

मापाचे कलम तर आजच्या बाजार समितीच्या आवारात वाचून दाखवावे असे आहे. जे काही मोजावयाचे ते मठाच्या मापाने मोजावे, आणि मापणावळीचा अर्धा भाग मठास व अर्धा ‘मापहारी’ यास मिळावा. धान्य मोजणारा हा ‘मापहारी’ मराठीत पुढे ‘मापारी’ झाला आणि आज जळगावच्या बाजारात ‘हमाल-मापाडी’ या जोडीत ऐकू येतो. माप कोणाचे खरे मानावयाचे हा प्रत्येक बाजारातील कळीचा प्रश्न असतो. पाटणच्या नगराने तो गणित शिकविणाऱ्या मठाकडे सोपविला. यामागे पंडितांच्या हिशेबाविषयीचा विश्वास होता की केवळ उत्पन्नाची सोय होती, याचा निर्णय वाचकांनी करावा. माझा कल पहिल्या तर्काकडे आहे, कारण केवळ उत्पन्न द्यावयाचे तर विसोवा वाढविणे सोपे होते.

येथे ‘लीलावती’ आठवणे अपरिहार्य आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, आणि छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. त्यातील ‘लीलावती’ या पाटीगणिताचा आरंभच नाण्यांच्या कोष्टकाने होतो. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क. ‘द्रम्म’ हा शब्द ग्रीक द्राख्मेपासून आपल्याकडे आला आणि प्राकृतातून ‘दाम’ झाला. त्या कोष्टकाप्रमाणे एका द्रम्माच्या कवड्या १२८० होतात, आणि त्याचा विसावा भाग ६४ कवड्या, म्हणजे तीन काकिण्या व चार कवड्या. पाटणच्या बाजारात दामाचा भाव नेमका हाच होता असा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु मठात जे कोष्टक पाठ करावयाचे, त्याच भाषेत मठाचा चरितार्थ मोजला जात होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच ग्रंथात मालाच्या अदलाबदलीचे गणित ‘भांडप्रतिभांडक’ या नावाने आहे आणि धान्याच्या ढिगाचे माप ‘राशिव्यवहार’ या प्रकरणात आहे. हे ग्रंथ राजसभेसाठी रचले गेले असे मानण्याची आपल्याला सवय आहे. पाटणची शिळा त्यांस पेठेच्या शेजारी आणून ठेवते.

लेखाच्या अखेरीस जमिनीचा उल्लेख येतो आणि त्यात ‘कामतु’ हा शब्द आहे. मालकाने स्वतःच्या देखरेखीखाली कसवून घ्यावयाची जमीन ती कामत. कोकणात व गोव्यात तो शब्द आडनावातून जिवंत राहिला. पंडितांकडे अशी कामत होती, म्हणजे पाटण हे मठ, देऊळ आणि बाजार यांबरोबर शेताचेही गाव होते. आज जेथे साग, धावडा, सालई, अंजन उभे आहेत, तेथे कोठेतरी नांगर चालत होता आणि तो धरणाऱ्या माणसांची नावे याही शिळेवर नाहीत.

आता अरण्याकडे वळू. पेठ ज्या कारणाने वाढते त्याच कारणाच्या अभावी ती उठते, असा सामान्य अनुभव आहे. पाटणची दरी ही खानदेशाच्या मैदानातून दख्खनच्या पठारावर चढणाऱ्या वाटांपैकी एक होती. याचा पुरावा निकुंभांहूनही जुना आहे आणि तो पितळखोऱ्यात आहे. आज कन्नड तालुक्यात मोडणाऱ्या या लेण्यांचे आरंभीचे काम इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातले. म. न. देशपांडे यांनी त्यांचा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला. तेथील स्तंभांवर दात्यांची नावे आहेत, आणि त्यांत पैठणच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, मितदेवाचे कुळ आहे. राजवैद्य मगिल आहे. आणि एका यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव आहे. पैठणचा गंधिक या दरीत खांब दान करतो तो येथून त्याचा माल जातो म्हणून. त्या काळापासून तेराव्या शतकापर्यंत वाटेचा उपयोग होत राहिला असे मानण्यास हरकत दिसत नाही. पुढे मुख्य वाहतूक शेजारच्या कन्नड घाटाने होऊ लागली, आणि पाटणचा रस्ता दरीत जाऊन थांबणारा झाला. पेठेस मुख्यतः यानेच मारले असे माझे मत आहे. राजघराण्यांच्या अस्ताचा परिणाम त्यामानाने दुय्यम असावा.

पेठ उठली म्हणून माणसे नाहीशी झाली असे नव्हे. सातमाळ्यात भिल्लांची वस्ती होती. घाटांची राखण आणि तिच्याबद्दलचे हक्क भिल्ल नाइकांकडे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशाची जी धूळधाण झाली, तीत हे हक्क बुडाले व नाईक बंडात उतरले. कंपनी सरकारने १८२५ साली भिल्लांसाठी तीन एजन्सी स्थापिल्या. दक्षिणेकडील एजन्सी कन्नड येथे ओव्हन्स याच्याकडे होती. जमीन, बैल व तगाई देऊन तेथे भिल्लांच्या वसाहती करण्यात आल्या. जेम्स औट्रम याने त्याच सुमारास भिल्लांची पलटण उभारली व तिचे ठाणे धरणगाव येथे होते. कन्नडच्या घाटास आज औट्रमचे नाव आहे, आणि १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या नावातही ते आहे. पाटणादेवीचा परिसर या अभयारण्यात येतो. जे नाव राखले गेले ते एका लष्करी अधिकाऱ्याचे. ज्या नाइकांच्या राखणीत हे घाट होते त्यांचे नाव कोणत्याही पाटीवर नाही. शिवाय ‘अभयारण्य’ या शब्दामुळे पाहुण्यास असे वाटते की येथे मुळापासून केवळ वन्यजीवनच होते. प्रत्यक्षात ही पानगळीची झाडी आहे, फाल्गुनात ती उघडी पडते. त्या वेळी गेल्यास जोते, पायऱ्या, घडीव दगड नजरेस येतात. पावसाळ्यात निसर्ग पाहावा, इतिहास पाहावयाचा तर उन्हाळ्याच्या तोंडाशी जावे, असे विद्यार्थ्यांस सुचवावेसे वाटते.

शेवटी भाषेविषयी थोडे, कारण हा लेख लिहिण्यास ते एक निमित्त झाले. ‘दीन्हला’ हे रूप ग्रांथिक मराठीत पुढे टिकले नाही. ज्ञानेश्वरीकाली ‘दिधला’ हे रूप रूढ दिसते, आणि नंतर ‘दिला’. ‘दीन्ह-’ हा धातुरूपाचा पाया प्राकृत ‘दिण्ण’ यापासून येतो व अवधी-ब्रजातही सापडतो. जळगाव-पिंप्राळ्याच्या बाजूस लेवा गणबोली व तावडी अधिक कानी पडतात. पण गिरणेच्या वरच्या खोऱ्यात, चाळीसगावच्या बाजारात, अहिराणी बोलणारा मनुष्य पैसे दिल्यावर ‘दिन्हात’ म्हणतो, काम सांगून टाकल्यावर ‘सांगी दिन्हं’ म्हणतो. आठशे वर्षांच्या अंतरावर हा पाया त्याच खोऱ्यात आढळतो. यावरून कोणी शिळेची भाषा अहिराणी ठरवू लागेल तर ते घाईचे होईल. ‘दीन्हला’ यातील ‘ल’ हा मराठीचा भूतकालवाचक प्रत्यय आहे, अहिराणीच्या ‘दिन्हं’मध्ये तो नाही, ‘ग्राहकापासी’ व ‘नगरें’ या रूपांची घडणही मराठीची आहे. तेव्हा पाटणच्या पेठेचा हिशेब मराठीतच लिहिला गेला, मात्र खानदेशात चालणारे रूप हाताशी धरून लिहिला गेला, असे म्हणावे लागते.